क्लचच्या बाहेरचा शब्द

ओब्रादला इंग्रजीचे वीस-पंचवीस शब्द येत होते आणि ते सगळे क्लचचे होते. तहान लागली तर इंग्रजीत पाणी मागता आलं नसतं, पण रिव्हेट, लायनिंग, स्प्रिंग, डिस्क, फ्लायव्हील हे शब्द तो असे ठसक्यात म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा लंडनला नोकरी करून आलाय. ते शब्द त्याला मिलुंकाबाईंनी शिकवले होते. आणि मिलुंकाबाईंना क्लच त्याने शिकवला होता. आमच्या गावात ही गोष्ट एकेकाळी कौतुकाने सांगत. आता तो विषय निघाला की लोकांना एकदम हवापाणी आठवतं. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावी. मी त्याच कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालोय, मला आता कुणी काढू शकत नाही.

परदेशी कंपनीने आमचा कारखाना घेतला तेव्हा सगळे कागद आमच्या भाषेत होते. आणि आमची भाषा म्हणजे तरी काय? एकाच भागाला ड्रॉइंगवर एक नाव, सरकारी पुस्तकात दुसरं, आणि मशीनवर उभा असलेला माणूस म्हणणार तिसरंच, जे त्याच्या उस्तादाने कधीतरी जर्मनांकडून उचलून स्वतःच्या जिभेवर घासून गुळगुळीत केलेलं. हे सगळं इंग्रजीत करायला संचालक बुदिमिर यांनी शाळेतून मिलुंकाबाईंना आणलं. बाईंचं इंग्रजी उत्तम, पण क्लच त्यांनी आयुष्यात फक्त पायाने दाबलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रेशर प्लेटच्या कव्हरची बाजारात न्यायची टोपली करून टाकली, कारण आमच्याकडे त्याला टोपलीच म्हणतात. तिकडून मोठ्या अदबीचं पत्र आलं, या टोपलीतून नेमकं काय न्यायचं आहे? ऑफिसात ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. वाचणारा विदोये, पाळीचा फोरमन. हा पूर्वी जहाजाच्या इंजिनरूममध्ये होता, त्यामुळे त्याला इंग्रजी बोलता यायचं आणि दुसऱ्याची फजिती करायची भलती हौस.

बाई संडासात जाऊन रडल्या. ओब्राद तपासनीस होता, शेवटचा शिक्का त्याचा. त्याने एक जुना क्लच उचलून बाईंच्या टेबलावर, कागदांवरच, आणून आदळला.

"रडणं झालं असेल तर हात काळे करा, बाई."

"मिस्त्री, माझे कागद!"

"कागद परत लिहिता येतील. हे बघा, ही प्लेट. ही इथे फ्लायव्हीलला चिकटते म्हणून गाडी चालते. सुटली की गाडी थांबते. बाकीचं सगळं तिला धरायला नाहीतर सोडायला. एवढं समजलं की झालं."

बाईंना समजलं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत हा उद्योग सुरू झाला. ओब्राद एकेक भाग हातात घेऊन तो काय करतो ते सांगायचा, बाई त्याचा इंग्रजी शब्द शोधून आणायच्या, आणि शोधून आणला की ओब्रादकडून घोकून घ्यायच्या. तो लहान पोरासारखा म्हणून दाखवायचा. चुकला की बाई शाळेतल्या सवयीने त्याच्या बोटांवर पेन्सिल मारायच्या. शेवटी प्रत्येक मशीनवर एक पाटी लागली, वर आमचा शब्द, खाली इंग्रजी. परदेशी साहेब आले की ओब्राद त्यांना एकेका पाटीपुढे उभं करून तो शब्द म्हणून दाखवायचा आणि मान डोलवायचा. साहेबही मान डोलवायचे. एवढ्यावर त्यांची चांगली ओळख जमली होती.

आता मित्रोव्दानचं सांगतो. आमच्यात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी मेणबत्ती लावून घर उघडं ठेवतात. त्या दिवसाचं आमंत्रण कुणी देत नाही आणि कुणी वाटही पाहत नाही. एकदा आलेला माणूस दर वर्षी येतो. यजमान दिवसभर उभा राहून वाढतो. ओब्रादच्या घराचा हा दिवस म्हणजे मित्रोव्दान, नोव्हेंबरातला. मोठा माणूस नव्हता, पण त्याच्याकडे त्या दिवशी अर्धा कारखाना जेवायचा, कारण त्याच्या बायकोच्या हातचं भाजलेलं डुक्कर आणि कोबीच्या पानातलं मटण खाल्लं की माणूस आठवडाभर दुसऱ्यांच्या घरच्या जेवणाला नावं ठेवत हिंडतो.

त्या वर्षी नेमका त्याच दिवशी मोठा माल बाहेर जायचा होता. कायद्याने ओब्रादला सुट्टी होती, पण त्याने अर्ज केला असता तर तो कागदोपत्री गैरहजर झाला असता, आणि त्याच्या शिक्क्याशिवाय ट्रक हलला नसता. बुदिमिर साहेब स्वतः त्याच्या टेबलाशी आले.

"ओब्राद, अर्जबिर्ज करत बसू नकोस. हजेरी लागेल तुझी. शिक्का खणात ठेव आणि घरी जा. पाहुणे काय उपाशी ठेवणारेस?"

"आणि माल कोण बघणार, साहेब?"

"विदोये बघेल. त्याला डोळे नाहीत का? मीही येतोच जेवायला. डुकराची मान जरा मऊ शिजवा म्हणावं वहिनींना, माझे दात गेलेत."

ओब्रादने शिक्का खणात ठेवला. आमच्याकडे असंच चालतं. ज्याचा संत असेल त्याचं काम त्या दिवशी बाकीचे ओढतात, उद्या आपला संत येणारच असतो. बुदिमिर आले, पोटभर जेवले, गायलेही. विदोये उशिरा आला, हात तेलकट, आणि आल्या आल्या म्हणाला, "झालं सगळं, ट्रक गेला." माल त्याने बघितला की नुसते शिक्के मारले, हे त्याला आणि देवाला ठाऊक. ओब्रादच्या बायकोने त्याला साबण आणि टॉवेल दिला. मी त्याचा शेजारी, समोरच बसलो होतो.

वसंतात बातमी आली. त्या मालातल्या प्लेटांचे रिव्हेट नीट बसले नव्हते. दूर कुठेतरी खाणीच्या चढावर एका ट्रकच्या क्लचचं लायनिंग, म्हणजे प्लेटवरचं पकड देणारं अस्तर, सुटलं, ट्रक मागे घरंगळला, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा पाय मांडीपासून गेला. परदेशी कंपनीने हॉलिस नावाचा साहेब पाठवला. हॉलिस वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. चूक एका माणसाची असेल तर त्या माणसाला काढायचं आणि कारखाना चालू ठेवायचा. चूक कारखान्याच्या पद्धतीची असेल तर हा विभाग बंद करून दुसऱ्या देशात न्यायचा. हे त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं आणि मिलुंकाबाईंनी त्याचं नेटकं भाषांतर केलं. ते ऐकून खोलीत सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव आलं असणार, कारण शिक्का एकाचाच होता.

चौकशीच्या सकाळी बुदिमिर यांनी बाईंना आधी बोलावून घेतलं. हे मला त्यांच्या सेक्रेटरीने सांगितलं, आणि ती खोटं बोलायची नाही, आळशी आहे.

"बाई, आज ओब्राद जे बोलेल त्यातलं क्लचचं तेवढंच भाषांतर करायचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं घरगुती. डुक्कर, पाहुणे, मेणबत्ती. त्या इंग्रजाला काय करायचंय त्याचं?"

"साहेब, त्या दिवशी मिस्त्री कारखान्यात नव्हते. तुम्ही तर—"

"मी तर काय?" बुदिमिर म्हणाले. "तुमचा वूक आपल्याच प्रेसवर आहे ना? चांगला पोरगा आहे. लग्न ठरलंय म्हणे."

बाईंचा नवरा तेव्हा घरी बसून होता, सगळं घर त्यांच्या आणि मुलाच्या, वूकच्या, पगारावर. बाईंची बाजू मला समजते. समजते म्हणूनच माझा संताप जास्त होतो. न समजणाऱ्या माणसाला निदान मूर्ख म्हणून सोडून देता येतं.

चौकशीला खोलीत पाच जण होते. हॉलिस, बुदिमिर, विदोये, बाई आणि ओब्राद. ओब्राद कोट घालून आला होता, लग्नकार्याचा. त्याला जराही भीती नव्हती. त्याच्या दृष्टीने गोष्ट सरळ होती. तो त्या दिवशी नव्हता, आणि तो नव्हता याचे साक्षीदार त्याच्यासमोरच बसले होते, त्याच्याच ताटातलं खाऊन गेलेले.

"साहेबांना सांगा, बाई," त्याने सुरुवात केली. "त्या दिवशी मित्रोव्दान होता. मी घरी पाहुण्यांना वाढत होतो. शिक्का खणात होता, बुदिमिर साहेबांच्या सांगण्यावरून. हे स्वतः माझ्याकडे होते. विदोये मागून आला. त्याला विचारा हवं तर."

हॉलिसने बाईंकडे पाहिलं. बुदिमिर यांनी बाईंकडे पाहिलं. बाई इंग्रजीत बोलू लागल्या, सावकाश, वर्गात बोलावं तसं. त्या म्हणाल्या की या मालातल्या प्लेटांचे रिव्हेट उथळ बसले होते.

रिव्हेट! ओब्रादच्या कानावर ओळखीचा शब्द पडला आणि त्याने मान डोलावली.

बाई म्हणाल्या की त्यामुळे लायनिंग पकडून राहिलं नाही. ओब्रादने मान डोलावली. बाई म्हणाल्या की प्रत्येक डिस्क तपासणं हे याचं काम होतं, ती न तपासता याने शिक्का मारला. डिस्क म्हटल्यावर ओब्राद हसला आणि हॉलिसकडे बघून पुन्हा मान डोलावली, पाटीपुढे उभा राहून डोलवायचा तशीच. त्याला वाटलं, बाई आधी कामाचं सांगून घेतायत, मग मित्रोव्दानवर येतील. बाईंची कामाची पद्धतच तशी, आधी यंत्र मग माणूस. हॉलिस प्रत्येक डोलण्याबरोबर काहीतरी लिहीत होता. असा निर्ढावलेला माणूस त्याने पाहिला नसेल, हसत हसत गुन्हा कबूल करणारा.

मग हॉलिसने विचारलं, जे बोलला ते याला मान्य आहे का?

"विचारतायत, मिस्त्री," बाई म्हणाल्या, "तुम्ही जे बोललात ते खरं ना?"

"माझ्या संताची शपथ."

बाईंनी इंग्रजीत सांगितलं, हो, मान्य आहे.

इथे थांबले असते तरी पुरे होतं. माणूस मारायचा तर एकदाच मारावा. पण हॉलिसला लेखी हवं होतं. जबाब टाईप होऊन आला, अख्खा इंग्रजीत, आणि ओब्रादपुढे ठेवला. ओब्राद तपासनीस माणूस, न बघता सही कशी करेल? खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने ओळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. रिव्हेट सापडला. लायनिंग सापडलं. स्वतःचं नाव सापडलं. प्रत्येक सापडलेल्या शब्दावर तो बाईंकडे बघायचा, आणि बाई टेबलाकडे बघायच्या. दोन वेळा कागद वरून खाली वाचून झाला.

"बाई, यात मित्रोव्दान कुठेय?"

बुदिमिर यांनी घसा खाकरला.

"आहे ना," बाई म्हणाल्या.

"कुठे? संताचं नाव मला कुठल्याही अक्षरात ओळखता येईल."

"त्यांच्यात आपल्यासारखे घराण्याचे संत नसतात, मिस्त्री. त्यामुळे नाव नाही लिहीत. अशा दिवसाला त्यांचा वेगळा शब्द आहे." बाईंनी बोट ठेवलं. "हा बघा."

ओब्रादने वाकून पाहिलं. मोठा शब्द होता. "कसा म्हणायचा?"

"नेग्लिजन्स."

"नेलिजन्स."

"नेग्. मधे ग आहे. नेग्लिजन्स."

"नेग्लिजन्स," ओब्राद म्हणाला, आणि बाईंनी मान हलवली, की बरोबर. विदोये उठून खिडकीशी गेला, कारण त्याला हसू आवरेना.

हलगर्जीपणा. त्या शब्दाचा अर्थ हलगर्जीपणा होतो, तुम्हाला माहीत असेल. कबुलीजबाबात लिहिलं होतं की हे सगळं माझ्या हलगर्जीपणामुळे झालं. ओब्रादने त्याखाली आपलं नाव लिहिलं, जपून, एकेक अक्षर.

बाहेर पॅसेजमध्ये त्याने आमच्या रीतीप्रमाणे बाईंचे गाल तीनदा चुंबले. म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून, बाई. नाहीतर माझं कोण ऐकणार होतं त्या भाषेत?" बुदिमिर यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आता थोडे दिवस घरी आराम कर, प्रकरण निवळू दे. दुसऱ्या दिवशी ओब्रादच्या बायकोने बाईंकडे आयवारची, म्हणजे भाजलेल्या मिरचीच्या चटणीची, बरणी पाठवली, शरदात घातलेली, त्यांच्या घरातली शेवटची. बाईंनी ठेवून घेतली. परत करता आली असती. पण परत केली असती तर कारण द्यावं लागलं असतं.

हे सगळं आम्हाला कसं कळलं? विदोयेने सांगितलं. त्याच आठवड्यात, पाळी सुटल्यावर, कोपऱ्यावरच्या काफान्यात, जिथे आम्ही सगळे संध्याकाळी पिऊन घरी जातो. सांगितलं म्हणजे करून दाखवलं. एकदा बाई झाला, एकदा ओब्राद. रिव्हेट म्हणायचा आणि मान डोलवायचा. लायनिंग म्हणायचा आणि मान डोलवायचा. लोक अक्षरशः टेबलं बडवत होते. मला काही कुणी संत समजू नका, पहिल्यांदा मीही हसलो, माणूस नक्कल इतकी चांगली करत होता. मग हसू गेलं. पण उठून कुणी गेलं नाही. कारखाना चालू राहणार होता, सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी तिथे होतं, आणि ज्याच्यावरचं संकट टळलंय त्याला फार लवकर हसू येतं.

मग दार उघडून ओब्राद स्वतःच आत आला. घरी बसून कंटाळला होता. टेबलं बडवणं एकदम थांबलं. मग विदोयेने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"या मिस्त्री, या! तुमचीच आठवण निघाली होती. रजा कशी चाललीय?"

"छतावरची कौलं बसवली. बायको म्हणते, कायमचा घरी राहा."

"ऐकेल हो देव वहिनींचं. बरं, मला एक सांगा, तुम्ही इंग्रजीतले मास्तर. इंग्रज मित्रोव्दानला काय म्हणतात?"

माझ्या शेजारच्याने पेल्यात तोंड घातलं. मी विदोयेला म्हटलं, "पुरे कर."

"का? विचारतोय साधं. सांगा मिस्त्री."

"नेग्लिजन्स," ओब्राद म्हणाला. स्पष्ट, मधला ग नीट उच्चारून.

हशा असा उठला की आतून मालकीण बघायला आली. ओब्रादही हसला, कारण सगळे हसत होते आणि त्याला वाटलं उच्चार चुकला. त्याने पुन्हा म्हटला, अजून नीट. तेव्हा तर एक जण खुर्चीवरून खाली घसरला. ओब्रादचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो एकेकाकडे बघू लागला. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं.

"शेजारी, काय झालं रे?"

मी पेल्यात बघितलं. उत्तर विदोयेने दिलं.

"अहो मिस्त्री, त्याचा अर्थ हलगर्जीपणा. तुम्ही लिहून दिलंत, माझ्या हलगर्जीपणाने माणसाचा पाय गेला. खाली सही ठोकलीत. ही रजा नाही काही. काढलंय तुम्हाला. पत्र टपालात आहे, आपल्या भाषेत, तुम्हाला वाचता येईल असं. आणि खटला भरला तर तोही तुमच्याच नावावर."

त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाने ओब्रादच्या घरी जेवण केलेलं होतं. तो ओरडेल असं मला वाटलं. बुदिमिरला शिव्या देईल, विदोयेची गचांडी धरेल, आणि आम्ही सगळे मधे पडू, त्यामुळे निदान काहीतरी केल्यासारखं होईल. त्याने त्यातलं काही केलं नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला, आणि तोही अगदी हळू, जसं काही त्याला बाईंची फजिती होऊ द्यायची नव्हती.

"बाईंना ठाऊक नसेल. हा क्लचचा शब्द नाही ना? त्यांचा अभ्यास सगळा क्लचचा. बाहेरचा शब्द होता, चुकल्या असतील."

यावर हो म्हणायला काही लागत नव्हतं. हो म्हणून त्याला घरी पाठवता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं.

"तिने वीस वर्षं शाळेत इंग्रजीच शिकवलं, मिस्त्री," विदोये म्हणाला. "क्लच तर तिला तुम्ही शिकवलात."

ओब्रादने मान डोलावली. रिव्हेट, लायनिंग ऐकल्यावर डोलवायचा तशी नाही, नुसती, दोन-तीनदा. मग कोट उचलून खांद्यावर टाकला आणि बाहेर गेला. दार त्याने मागे हळूच लावून घेतलं. कुणीतरी मालकिणीला सांगितलं, अजून एक फेरी भर. तिने भरली, आणि आम्ही प्यायलो.